सिमेंटचे ओंडके

गेल्या सुट्टीत विदर्भातल्या एका अभयारण्याच्या फाटकाशी आमची जीप थांबली. फाटकाचे खांब सागाच्या ओंडक्यांचे, त्यांवर आडवा तिसरा ओंडका. मुलीने जवळ जाऊन टिचकी मारली आणि ओरडली, "बाबा, हे सिमेंट आहे!" सालीच्या रेघा, गाठी, सारे गवंड्याने थापीने काढलेले, वर तपकिरी रंग.

मंडळी, या नकलेचे मूळ अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांत आहे. माउंट रेनियर उद्यानात लाँगमायर येथे १९२८ साली प्रशासकीय कचेरी उभी राहिली. खाली हिमनदीने घासलेले धोंडे, वर लाकूडकाम. धोंडे मुद्दामच अवाढव्य आहेत. त्या पहाडाखाली लहान दगड खेळण्यातले दिसले असते.

पण त्याच खात्याने १९३७ ते ३९ मध्ये सांता फे येथे विभागीय मुख्यालय बांधले, तेव्हा धोंडे बाजूला ठेवले. सेसिल डोटी यांनी आखलेली ही इमारत उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांची, जाड भिंतींची, मध्ये अंगण असलेली आहे. नईममध्ये राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. पुलापलीकडे मुहर्रकमध्ये शेख ईसा बिन अली यांचे घर पाहा, तेही समुद्रातल्या दगडाचे आणि अंगणाभोवतीच बांधलेले. म्हणजे या शैलीचा प्राण ओंडक्यात नाही, जागेवर काय मिळते आणि हवा कशी आहे यात आहे. मेळघाटात हाच न्याय लावायचा तर कोरकू घराकडे पाहावे लागेल: बांबूचा कूड, मातीचे लिंपण, वर कौले.

वाळवी आणि आगीचे काय, असे कोणी विचारील. मी इंजिनिअर आहे, प्रश्न रास्त मानतो. योसेमिटीतील अवानी हॉटेल (१९२७) बांधताना गिल्बर्ट स्टॅन्ले अंडरवुड यांनी आगीच्याच भयाने काँक्रीट ओतून ते लाकडासारखे रंगवले, आणि ती वास्तू देखणी आहे! माझा युक्तिवाद इथे थोडा लंगडतो, हे कबूल. एवढेच म्हणेन की तिथल्या काँक्रीटला आगीपासून बचावाचे खरे काम आहे, आणि इमारतीचा आकार मागच्या कड्याला शोभेसा आहे. आमच्या फाटकावरच्या आडव्या ओंडक्यावर काहीच टेकलेले नव्हते.

पावती फाडणाऱ्या वनरक्षकाची चौकीही त्याच थाटाची, सिमेंटच्या ओंडक्यांची, वर सपाट स्लॅब. मे महिन्याची दुपार. आत पंखा होता, वीज नव्हती. वनरक्षकदादांनी शेजारी चार बांबू रोवून वर गवत शाकारले होते. टेबल, पावतीपुस्तक आणि पाण्याचा माठ तिथेच होता.