दुःखाचे एकमेव कारण : स्वयंविकासपर ग्रंथांची संहिता

स्वयंविकासपर ग्रंथांबाबत साहित्यसमीक्षा साधारणतः दोन भूमिका घेते : वाङ्मयबाह्य म्हणून उपेक्षा किंवा बाजाराचे उत्पादन म्हणून निषेध. दोहोंतही या ग्रंथांचे वाचन मात्र टळते. वस्तुतः दृष्टांत, गुरु-शिष्य संवाद, आत्मनिवेदन अशा जुन्या रचनाबंधांवरच हे ग्रंथ उभे असतात. प्रस्तुत टिपणात एकाच प्रश्नाचा विचार केला आहे : दुःखाचे कारणत्व हे ग्रंथ कोणाकडे सोपवितात आणि त्यासाठी कोणती निवेदनतंत्रे योजतात?

रॉबर्ट कियोसाकी व शेरॉन लेक्टर यांचे ‘रिच डॅड पुअर डॅड’ (१९९७) द्वंद्वात्मक दृष्टांतावर आधारलेले आहे. एक पिता उच्चशिक्षित आणि नोकरदार, तर दुसरा अल्पशिक्षित आणि धनवान. या दुसऱ्या पित्याच्या वास्तव अस्तित्वाविषयी पुढे वाद झाले. परंतु संहितेच्या दृष्टीने तो आरंभापासूनच दृष्टांतातील गुरू आहे. बालनिवेदक त्याच्या दुकानात तासाला दहा सेंटवर राबतो. तो तक्रार करतो, तेव्हा ती मजुरीही बंद होते आणि हाच त्याचा पहिला धडा ठरतो. श्रमाच्या मोबदल्याचा वाद येथे शिष्याच्या परीक्षेत रूपांतरित होतो. कथनाचा सारा भर शिष्याच्या जागृतीवर असल्यामुळे, मजुरी कोणी आणि का ठरविली, हा प्रश्नच मागे पडतो.

रॉबिन शर्मा यांच्या ‘द मंक हू सोल्ड हिज फेरारी’मध्ये हेच सूत्र वैराग्याच्या भाषेत येते. ज्युलियन मँटल हा यशस्वी वकील न्यायालयातच हृदयविकाराच्या झटक्याने कोसळतो, हिमालयातील ‘शिवाना’च्या ऋषींकडे जातो आणि परतल्यावर आपल्या जुन्या सहकाऱ्याला तेथील ज्ञान सांगतो. या ऋषींच्या वस्तीला भाषा, जात, शासन यांचा इतिहास जवळजवळ नाही. म्हणूनच ती कोठल्याही वाचकाला परकी वाटत नाही. ज्या व्यवसायाने नायकाला कोसळविले, त्याची चिकित्सा होत नाही. शिस्त, कालनियोजन, मनोनिग्रह अशा ज्या रूपांत वैराग्य परत येते, ती त्याच व्यवसायाला उपकारक आहेत.

लुईस हे यांच्या ‘यू कॅन हील युवर लाइफ’मध्ये (१९८४) हा विचार तर्कान्तापर्यंत पोहोचतो. व्याधी, तिचे संभाव्य मानसिक कारण आणि नवा विचार, अशी तेथे सारणीच आहे. तीत कर्करोगासमोर दीर्घकाळ जपलेला राग आढळतो. सारणीला काळ नसतो आणि व्यक्तिविशेषही नसतो. त्यामुळे प्रत्येक रुग्णाच्या चरित्राचा शेवट वाचनाआधीच निश्चित होतो. सूझन सोंटॅग यांनी ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’मध्ये (१९७८) दाखविले होते की, व्याधीची मानसशास्त्रीय उपपत्ती अखेरीस रुग्णालाच दोषी ठरविते. जो बरा होत नाही, त्याने पुरेशा निष्ठेने विचार बदलला नाही, असा निष्कर्ष या रचनेत अटळ होतो.

ही ‘आपलीच परंपरा’ असल्याचे समर्थन मराठीत सहज केले जाते. त्यासाठी ‘दासबोधा’चा तिसरा दशक पाहावा. तेथे तापांचे आध्यात्मिक, आधिभौतिक व आधिदैविक असे तीन प्रकार सांगितले आहेत. देहात उद्भवणाऱ्या व्याधी पहिल्यात येतात. अन्य प्राणिमात्रांकडून होणारा उपद्रव मात्र दुसऱ्यात स्वतंत्रपणे नोंदविलेला आहे. समर्थांचा उपाय परमार्थाचाच आहे, हे खरे. परंतु उपाय एक असूनही कारणे अनेक मानण्याचा विवेक त्या वर्णनात आहे. स्वयंविकासपर ग्रंथ दुसरा ताप पहिल्यात विलीन करतात आणि परंपरेशी असलेले त्यांचे नाते नेमके येथेच तुटते.

या ग्रंथांनी दिलेला दिलासा नाकारण्याचे कारण नाही. १९८० च्या दशकात एड्सग्रस्तांना समाज दूर लोटत असताना लॉस एंजेलिसमध्ये हे यांच्या सभांतून त्यांना आधार मिळाला. तथापि तो आधार सोबतीचा होता आणि सारणीत सोबतीला स्थान नाही. समीक्षेचे काम येथूनच सुरू होते. वाचकाला ‘तू समर्थ आहेस’ असे सांगणारे वाक्य कोणत्या क्षणी ‘तूच जबाबदार आहेस’ या वाक्यात बदलते, तो क्षण संहितेत दाखवून देणे आवश्यक आहे. बुडीत कर्जाने वा असाध्य व्याधीने गांजलेला वाचक हे ग्रंथ उघडतो, तेव्हा या दोन वाक्यांतील अंतर त्याच्या दृष्टीने केवळ शैलीचे राहत नाही.