अक्षयनीवी आणि अक्षयतेचा प्रश्न : धर्मादाय निधींच्या तौलनिक अभ्यासाची चिकित्सा

धर्मादाय निधींच्या तौलनिक अभ्यासात दात्याला मध्यवर्ती स्थान दिले जाते. दान कोणी दिले, पुण्यासाठी दिले की प्रतिष्ठेसाठी, हे प्रश्न प्रथम विचारले जातात. ते दान पुढे कोणी सांभाळले आणि परिस्थिती पालटल्यावर त्यात बदल करण्याचा अधिकार कोणाकडे होता, हा प्रश्न मात्र दुय्यम ठरतो. या अभ्यासातील ही महत्त्वाची उणीव होय.

नाशिकच्या पांडवलेण्यांतील क्रमांक 10 च्या लेण्यातील प्राकृत लेख या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याने वर्ष 42 मध्ये संघाला लेणे अर्पण करून 3000 कार्षापणांची अक्षयनीवी दिली. त्यांपैकी 2000 कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने, तर 1000 दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण या दराने ठेवले. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज भोगावयाचे, अशी अट आहे. पहिल्या ठेवीचे वार्षिक व्याज 240 कार्षापण होते. वर्षावासातील 20 भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापण द्यावयाचे असल्याने हिशेब तंतोतंत जुळतो. हा लेख औदार्याचा पुरावा म्हणून वाचला जातो. वस्तुतः तो ठेवीचा करारही आहे. त्याच्या काटेकोरपणातच त्याची मर्यादा दिसते. वस्त्राचे मोल वाढले अथवा एकविसावा भिक्षू आला, तर काय करावे, याची तरतूद त्यात नाही. अक्षय राहते ते मुद्दल. त्याच्या क्रयशक्तीची हमी कोणीही देत नाही.

अर्थतज्ज्ञ तिमूर कुरान यांनी 2001 मधील निबंधात वक्फ व्यवस्थेच्या ताठरपणावर बोट ठेवले. संस्थापकाच्या अटींमुळे साधनसंपत्ती जुन्या हेतूंत अडकून पडली, हे त्यांचे प्रतिपादन विचारार्ह आहे. तथापि ताठरपणा हा एकाच परंपरेचा दोष मानता येत नाही. नाशिकचा लेखही तितकाच ताठर आहे. शिवाय ऑटोमन साम्राज्यात सोळाव्या शतकात रोख रकमेच्या वक्फाविषयी तीव्र वाद झाला आणि एबुस्सूद एफेंदी यांनी त्याचे समर्थन केले. परंपरेच्या आतूनही बदलाची वाट शोधली जात होती, हे यावरून दिसते.

पुण्याच्या दक्षिणा निधीचे उदाहरण याच्या पुढचे आहे. पेशवाईत श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजी अमलात टप्प्याटप्प्याने 1821 मधील संस्कृत पाठशाळा, मराठी ग्रंथांची पारितोषिके आणि दक्षिणा फेलो या योजनांकडे वळली. निधी टिकला, हेतू पालटला. हा पालट उपकारक ठरला. परंतु तो घडवण्याचा अंतिम अधिकार परकीय राज्यसत्तेकडे होता, याचा विसर पडू नये.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. अनेक महाविद्यालयांत दशकांपूर्वी ठेवलेल्या पारितोषिक निधींच्या व्याजातून आज एखादे पुस्तकही घेता येत नाही. दात्याचे नाव मात्र दरवर्षी वाचले जाते. मूळ हेतू असाध्य झाल्यास निधी त्याच्या निकटच्या हेतूकडे वळवण्याची तरतूद 1950 च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्यात आहे. दात्याचा शब्द आणि दानाचा उपयोग यांत विरोध येईल तेव्हा निर्णय कोणी व कोणत्या प्रक्रियेने घ्यावा, हा प्रश्न मध्यवर्ती मानल्याखेरीज या विषयाचा अभ्यास पूर्ण होणार नाही.