शेवाळ खरवडणारा मासा शेवाळ का सोडतो?

पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करताय ना? मग १९९८ चा एक पेपर वाचाच. बेरेन रॉबिन्सन आणि डेव्हिड स्लोन विल्सन यांचा, ‘अमेरिकन नॅचरलिस्ट’मधला. पेपर चांगलाय, पण शीर्षकातल्या ‘लीम यांच्या कोड्याची उकल’ या दाव्यावर माझा आक्षेप आहे.

आधी कोडं बघू. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरात खडकांजवळ राहणारे सिक्लिड मासे आहेत, ‘म्बुना’ म्हणतात त्यांना. त्यातल्या पेट्रोटिलापियाच्या तोंडात तीन टोकांच्या बारीक दातांचा अक्षरशः ब्रश असतो, खडकावरचं शेवाळ विंचरून काढायला. दात बघून तुम्ही वहीत लिहाल, ‘आहार: शेवाळ’. पण कारेल लीम यांनी १९८० मध्ये दाखवलं की हा ‘तज्ज्ञ’ मासा खाण्याच्या इतर पद्धतीही सहज वापरतो. १९८३ मध्ये मकाय आणि मार्श यांनी तर प्रत्यक्ष सरोवरातली नोंद दिली: प्लवक मुबलक असलं की शेवाळ खरवडणारे मासे प्लवकाकडे वळतात. मग एवढे खास दात कशाला?

रॉबिन्सन-विल्सन म्हणतात, सोपं, आवडतं अन्न कुणालाही खाता येतं. ते संपल्यावर जे उरतं, त्यासाठी दात. श्रीखंड समोर असताना सुकी भाकरी कोण चावेल? पण चावायला दात लागतात ते भाकरीलाच.

कल्पना सुरेख आहे. मात्र ती मॉडेलमधून आलेली आहे, आणि मॉडेल ‘असं होऊ शकतं’ एवढंच सांगतं. शिवाय अट आहे: खास अवयवामुळे सोपं अन्न खाताना फार तोटा होता कामा नये. लाबियोट्रोफियस घ्या. त्याचा आखूड जबडा जोरात चावायला उत्तम, पण जोर वाढला की जबड्याचा वेग कमी होतो. पाण्यात तरंगणारं भक्ष्य टिपायला वेग हवा. हा तोटा प्रत्येक जातीत वेगळा मोजावा लागेल.

आणि मोजणार कसं? पोट फाडलं की काय खाल्लं ते कळतं. समोर असून काय सोडलं, ते नाही. ही सगळी उकल तर सोडलेल्या अन्नावरच उभी आहे! माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मीही पोटातल्या नमुन्यांवरून थेट ‘पसंती’ असा शब्द ठोकून दिला होता. गाईडनी समासात एवढंच लिहिलं: ‘त्या दिवशी पाण्यात काय काय होतं?’ माझ्याकडे एकही आकडा नव्हता. सगळं सॅम्पलिंग परत करावं लागलं, या वेळी प्लवकाची जाळी सोबत घेऊन.