मस्टर गेलं, अंगठा राहिला

आमच्या कारखान्यात मनुष्यबळ व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं, तेव्हा निवड समितीत माझं नाव पडलं. माझी पात्रता एवढीच, की एकदा प्रिंटरात अडकलेला कागद मी कोणाला न विचारता बाहेर काढला होता. माणसाची कीर्ती कशावरून होईल, सांगता येत नाही.

चार कंपन्यांची माणसं येऊन आपापला माल दाखवून गेली. या प्रकाराला मुलगी पाहण्याची उपमा देण्याचा मोह होतो, पण ती बसत नाही. पोह्यांच्या बशीसमोर ज्यांना नांदायचं असतं ती दोघं तरी हजर असतात. आमच्याकडे हजर होते मोठे साहेब, हिशेबखात्याचे साहेब, मी आणि बिस्किटं. तीस वर्षं मस्टर सांभाळणारे टाइम ऑफिसातले आबा बाहेरच होते. आणि जिची हजेरी लागायची ती झाडलोट करणारी मावशी आत आली, ती कप उचलायला.

पडद्यावरची नमुना कंपनी मात्र पाहण्यासारखी होती हो! तिथले सगळे कर्मचारी नऊच्या ठोक्याला येतात. रजा आठ दिवस आधी मागतात. कोणाची सासू मोतीबिंदू घेऊन अचानक गावाहून येत नाही. गणपतीला कोणी कोकणात जात नाही, आणि गेलाच तर ठरल्या दिवशी परत येतो. असल्या पुण्यवान लोकांची हजेरी घ्यायची तरी कशाला, असं मी विचारणार होतो. पण तेवढ्यात पडद्यावर एक रंगीत चक्र फिरू लागलं आणि मोठे साहेब ‘वा!’ म्हणाले. साहेबांच्या ‘वा’नंतर शंका काढण्याची आमच्याकडे पद्धत नाही. गुणपत्रिकेत ‘वापरण्यास सोपे’ या रकान्यात मी दहापैकी नऊ गुण दिले. वापरणार होते आबा. सोपं मला वाटलं.

मग ते बसवायला एक तरतरीत मुलगा आला. म्हणाला, ‘सर, तुमचे नियम द्या.’ आम्ही छापील पुस्तिका दिली. वीस दिवस कामामागे एक दिवस भरपगारी रजा, वगैरे सगळं तिच्यात होतं. पण कारखाना काही पुस्तिकेवर चालत नव्हता. तो आबांच्या डोक्यावर चालत होता. आम्हाला साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, सॉफ्टवेअरला ठाऊक रविवारची. रात्रपाळी अकराला आत जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बाहेर येते. ती हजेरी कुठल्या तारखेची, हे आबांना कोणी विचारलंच नव्हतं, कारण त्यांना ते माहीत होतं. परिणाम असा, की पहिल्या महिन्यात यंत्राच्या हिशेबी काही माणसं एका तारखेला आत गेली ती बाहेर आलीच नाहीत, आणि दुसऱ्या तारखेला आत न जाताच बाहेर आली. भुतांना पगार देण्याची तरतूद पुस्तिकेत नव्हती. सगळ्यांचा अर्धा खाडा पडला.

आपलंच नशीब फुटकं, असं वाटून मी थोडं वाचन केलं आणि धीर आला. कॅनडाच्या केंद्र सरकारने 2016 साली सुमारे 3 लाख नोकरांचे पगार अशाच एका प्रणालीवर टाकले. तिचं नाव ‘फिनिक्स’. राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचं नाव ठेवलं की आधी राख करावी लागते, हे बहुधा कोणाच्या लक्षात आलं नसावं. वर्षाला 7 कोटी डॉलर वाचणार म्हणून पगार काढणाऱ्या जाणत्या कारकुनांच्या जागा आधीच कमी केल्या, आणि एखाद्या खात्यावर चालवून पाहायचा बेतही रद्द केला. मग कोणाला कमी पगार, कोणाला मुळीच नाही, आणि कोणाला इतका जास्त की पुढे वसुलीची पत्रं! 2018 साली तिथल्या महालेखापरीक्षकांनी या कारभाराला आकलनापलीकडचं अपयश ठरवलं. मला त्यात न कळण्यासारखं काही दिसलं नाही. त्यांनी त्यांच्या आबांना विचारलं नव्हतं, एवढंच.

विचारायचं म्हणजे काय करायचं? फार नाही. विकायला आलेल्या माणसाला त्याची नमुना कंपनी मिटायला सांगायची आणि आपला गेल्या वर्षीचा सगळ्यात वाईट महिना त्याच्यासमोर टाकायचा. आमच्याकडे तो दिवाळीचा असतो: बोनस, जादा काम, बदली सुट्ट्या, उचल, सगळं एकदम. ‘हा पगार काढून दाखवा, मग चहा.’ आणि यंत्र आलं तरी तीन महिने मस्टर शेजारी चालू ठेवायचं. हे शहाणपण मला मस्टर रद्दीत गेल्यावर सुचलं, त्यामुळे अस्सल आहे.

रात्रपाळीचं पुढे निस्तरलं. मावशीचं नाही. फिनेल, सोडा आणि काथ्यात तिची बोटं इतकी झिजलीत की यंत्राला त्यांवर रेघच सापडत नाही. दहाही बोटं लावून झाली. यंत्र आपलं लाल दिवा दाखवतं आणि एक बाई ‘कृपया पुन्हा प्रयत्न करा’ म्हणते. गंमत बघा, मावशीला लिहिता येत नाही, म्हणून मस्टरवर इतकी वर्षं ती अंगठाच उठवायची. शाईचा नुसता डाग पडायचा आणि आबांना तो ओळखू यायचा. पहिल्या महिन्यात तिचा अकरा दिवसांचा पगार कापला गेला. मला म्हणाली, ‘साहेब, मी आल्याशिवाय संडास आपोआप धुतले गेले का?’ या प्रश्नाला सॉफ्टवेअरमध्ये रकाना नाही.

कंपनीला तक्रार केली. उत्तर आलं, की ‘अपवाद’ नावाची सोय आहे. रोज सकाळी अधिकृत व्यक्तीने आपल्या खात्यातून तिची हजेरी मंजूर करावी. अधिकृत व्यक्ती म्हणजे निवड समितीचा सभासद, म्हणजे मी. तेव्हापासून सकाळी सव्वानऊला मावशी माझ्या टेबलापाशी येते, ‘आले हं’ म्हणते, मी बटण दाबतो, आणि हिरवी खूण उमटेपर्यंत ती काही हलत नाही. परवा बायको म्हणाली, मेमध्ये चार दिवस महाबळेश्वरला जाऊ. मी रजेचा अर्ज भरायला घेतला. सगळं भरून झालं आणि शेवटचा रकाना आला: आपल्या अनुपस्थितीत मंजुरी कोण देईल? तिथे समितीच्या सभासदांचीच नावं चालतात. हिशेबखात्याचे साहेब साडेदहाला येतात आणि मोठे साहेब कधी येतात ते यंत्रालाही माहीत नाही.

अर्ज अजून अर्धाच भरलेला आहे. बायकोला सांगितलंय, पावसाळ्यात बघू.