भोजाचा लाकडी पक्षी आणि आपले वाचन

'समराङ्गणसूत्रधार' हे नाव ऐकताच रणभूमी डोळ्यांपुढे उभी राहते आणि ह्या ग्रंथात शस्त्रास्त्रांचे भांडार असावे, असा ग्रह होतो. वस्तुतः धारच्या परमार राजा भोजाच्या नावावर असलेला अकराव्या शतकातील हा ग्रंथ वास्तुशास्त्राचा आहे. त्याच्या ऐंशीहून अधिक अध्यायांत नगरे, घरे, देवालये आणि मूर्ती ह्यांचा विचार आहे. यंत्रविधानाचा अध्याय एकतिसावा. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत गणपतिशास्त्र्यांनी १९२४-२५ मध्ये हा ग्रंथ दोन भागांत संपादून प्रसिद्ध केल्यापासून त्या अध्यायातील उडत्या यंत्रांच्या मूठभर श्लोकांवर इतके बोलले गेले आहे, की उरलेला ग्रंथ जणू त्यांची प्रस्तावना ठरावा. ज्या भोपाळचे नाव परंपरा भोजाशी जोडते, तेथे बरखेड्यासारख्या कारखान्याच्या वसाहतीत राहून ते श्लोक वाचताना आम्हांला ह्या वाचनाविषयी काही लिहिणे अगत्याचे वाटते.

श्लोकांचा आशय थोडक्यात असा. हलक्या लाकडाचा एक मोठा पक्षी घडवावा, त्याचे सांधे पक्के करावेत, पोटात पाऱ्याचे पात्र आणि त्याखाली अग्नी ठेवावा. मग आत बसलेला पुरुष पंखांनी उठलेल्या वाऱ्याच्या व पाऱ्याच्या शक्तीने आकाशात दूरवर जातो. पुढे देवालयासारखे जड लाकडाचे विमान येते, त्यात पाऱ्याचे चार कुंभ. येथे शस्त्र म्हणून जे येते ते केवळ ध्वनीचे : तापलेल्या लोखंडी पात्रातील पाऱ्यातून सिंहनाद उठतो आणि मदोन्मत्त हत्ती उधळतात. बाण नाही, अग्निवर्षाव नाही. ज्या काळी हत्ती हेच सैन्याचे बळ होते, त्या काळच्या मनाला भावी शस्त्र कसे दिसले असेल, ह्याचे इतके नेमके चित्र क्वचितच सापडेल.

भोज हा 'सरस्वतीकण्ठाभरण' व 'शृङ्गारप्रकाश' ह्यांचा कर्ता म्हणूनही ख्यात आहे, ही गोष्ट विमानाचे अभिमानी सहसा विसरतात. काव्याचे शब्दगुण चोवीस आणि अर्थगुणही चोवीस मोजणाऱ्या ह्या आलंकारिकाच्या नावावरील ग्रंथात यंत्राचेही गुण मोजलेले आहेत. घटक प्रमाणात असावेत, रचना सुश्लिष्ट असावी, सांधा ढिला नसावा आणि ताठरही नसावा, जेथे आवाज नको तेथे आवाज होऊ नये. ही यादी ज्याने कारागिराच्या हाताकडे जवळून पाहिले आहे त्याचीच आहे. शृङ्गारप्रकाशावर प्रबंध लिहिणाऱ्या डॉ. वे. राघवन् ह्यांनीच प्राचीन यंत्रांवरही १९५२ मध्ये पुस्तिका लिहिली, हा आम्ही योगायोग मानत नाही.

मग यंत्राची घडण पूर्णपणे का सांगितली नाही? ग्रंथकार म्हणतो की हे मौन गुप्ततेसाठी आहे, अज्ञानामुळे नव्हे. ह्या वाक्यावरच सारा वाद उभा आहे. अभिमानी ते पुरावा म्हणून वाचतात, उपहास करणारे पळवाट म्हणून. आमच्या मते त्याचे उत्तर भोपाळहून दीड तासाच्या आत पोचता येणाऱ्या भोजपूरला मिळते. तेथील भोजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अपुऱ्या देवालयाभोवती खडकावर कोरलेले आराखडे अजून दिसतात आणि मागे शिळा वर नेण्यासाठी रचलेली मातीची उतरण आहे. जे बांधायचे होते त्याच्या रेषा ह्या कारागिरांनी दगडात ठेवल्या. पक्ष्याची मात्र एकही रेषा नाही. तो कल्पनेतला आहे. पण ती कल्पना सांधे घट्ट बसवण्याची काळजी घेणारी आहे, आणि त्यामुळेच तिच्यातील अद्भुत टिकते.

ह्याच्या नेमके उलट 'वैमानिकशास्त्र'. ते भरद्वाजांचे म्हणून सांगितले जाते. प्रत्यक्षात सुब्बराय शास्त्री ह्यांनी ते १९१८ ते १९२३ ह्या काळात सांगितले व लिहून घेतले गेले. तेथे आकृत्यांची उणीव नाही! परंतु बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासून दाखवले की ती विमाने उडू शकत नाहीत आणि ग्रंथ १९०४ पूर्वीचा नाही. तरीही जानेवारी २०१५ मध्ये मुंबईच्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. वाङ्मय म्हणूनही ते आम्हांला फिके वाटते, कारण त्यात कोणतीच वस्तू माणसाला विरोध करीत नाही. सारे आधीच सिद्ध आहे.

मराठी वाचकाला हा प्रश्न अधिक जवळचा आहे तो शिवकर बापूजी तळपदे ह्यांच्यामुळे. १८९५ मध्ये चौपाटीवर त्यांनी विमान उडवले, असे आजही वर्गांत सांगितले जाते, आणि शिक्षकाच्या तोंडची गोष्ट मूल आयुष्यभर जपते. त्या उड्डाणाचा निर्विवाद समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. पण तळपद्यांनी 'प्राचीन विमानकलेचा शोध' नावाची मराठी पुस्तिका लिहिली, हे किती शिक्षकांना ठाऊक आहे? दंतकथेने माणूस मोठा केला आणि त्याचे लेखन गिळून टाकले. साहित्यसंस्थेने रागवायचे तर ह्या गोष्टीवर.

पाऱ्याविषयीही एक शब्द. पाऱ्याच्या वाफेवर चालणारी वीजकेंद्रे विसाव्या शतकात अमेरिकेत खरोखर चालली. पण ती जमिनीवर, अवजड बाष्पपात्रांसह, आणि पाऱ्याची वाफ विषारी म्हणून सतत जपून. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या भोपाळच्या विद्युत्‌यंत्रांच्या कारखान्यात ज्यांचा जन्म टर्बाइनजवळ गेला, त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही : लाकडी अंग घडवणे एक आणि त्याला पेलणारी शक्ती मिळवणे दुसरे.

ह्याची अर्वाचीन कथाही आपल्याकडे आहे. जर्मन अभियंता कुर्ट टांक ह्याच्या मार्गदर्शनाखाली बंगळूरला 'मरुत' हे लढाऊ विमान आखले गेले. (तळपद्यांच्या विमानाचे नाव 'मरुत्सखा' सांगतात.) त्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती आधी लाकडातच घडवून १९५९ मध्ये इंजिनावाचून तरंगवत उडवून पाहिली, आणि खरे विमान १७ जून १९६१ रोजी आकाशात गेले. ध्वनीच्या दुप्पट वेगाचे उद्दिष्ट होते. पुरेसे बलवान इंजिन अखेरपर्यंत मिळाले नाही. १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या सीमेवर मरुत लढले, १९९० पर्यंत सेवेतून गेले. त्याची उणीव कोठे होती हे सर्वांना ठाऊक आहे, कोणीही ती गुप्त विद्या म्हणून झाकली नाही. ह्या विमानावर मराठीत एखादी चांगली कादंबरी असावी, असे आम्हांला फार वाटते. आणि जो ती लिहील त्याने प्रथम एकतिसाव्या अध्यायातील यंत्रगुणांची यादी वाचावी.