कामरूपाचे कूळ : ‘द सर्च’च्या निमित्ताने

हरवलेल्याला त्याची माणसे सापडणे हा कथनपरंपरेतील फार जुना बंध आहे. बहुतेक वेळा ओळख पटण्याचा क्षण हाच त्या कथेचा शेवट असतो. खूण पटते, अंगठी सापडते आणि विस्कटलेले सारे जागच्या जागी येते. या बंधाच्या मुळाशी एक गृहीतक असते : माणूस कोणाचा आहे हे कळले की तो कोण आहे हेही कळते. ‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतील ‘द सर्च’ ही दोन भागांची कथा (सप्टेंबर-ऑक्टोबर १९९४) हे गृहीतक तपासून पाहते. विज्ञानकथेला, त्यातही दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथेला, समीक्षेच्या ओसरीवरही बसू न देण्याची आपली रीत आहे. ती येथे बाजूला ठेवावी लागेल.

ओडो हा एका अंतराळस्थानकावरील सुरक्षा-अधिकारी. तो कामरूपी आहे; मूळ रूप द्रवाचे आणि हवे ते रूप धारण करण्याची शक्ती अंगी. (मालिकेतील इंग्रजी संज्ञेपेक्षा आपला हा पौराणिक शब्द अधिक नेमका आहे.) तो अवकाशात सापडला. बेजॉर ग्रहावरील प्रयोगशाळेत एका शास्त्रज्ञाने त्याचा ‘नमुना’ म्हणून अभ्यास केला. त्याचे नावही त्या नमुन्यावर लावलेल्या चिठ्ठीवरून पडले आहे. ‘अज्ञात नमुना’ असा त्या चिठ्ठीचा अर्थ होता आणि बेजॉरवर तेव्हा राज्य करणाऱ्या कार्डेशियनांच्या भाषेत त्याच शब्दाचा शब्दशः अर्थ ‘काहीच नाही’ असा होतो. माणसाचा चेहरा ओडोला नीट साधत नाही. रेने ऑबर्जोनॉय या अभिनेत्याला दिलेला गुळगुळीत, अपुरा राहिल्यासारखा चेहरा ही या व्यक्तिरेखेची दृश्य ओळख आहे. इतरांत वावरताना आपण त्यांच्यासारखे दिसण्यात कमी पडतो आहोत, हे सतत तोंडावर वागवणारा हा उपरा आहे.

‘द सर्च’मध्ये तो एका अनामिक ओढीने ओमॅरियन तेजोमेघाकडे निघतो. सोबत कीरा ही बेजॉरची, परसत्तेविरुद्ध लढलेली स्त्री असते. तेथे एका उजाड ग्रहावर सोनेरी द्रवाचे तळे आहे. त्यातून आकृत्या उभ्या राहतात आणि त्यांतील एक ओडोसारखाच अपुरा चेहरा धारण करून त्याचे स्वागत करते. हे कामरूपी कोणत्याही व्यक्तीची हुबेहूब नक्कल करू शकतात, हे मालिकेत पुढे वारंवार दिसते. म्हणजे तो अपुरा चेहरा त्यांची मर्यादा नव्हे, तो अगत्याचा भाग आहे. परक्यांत जे व्यंग ठरले, ते येथे कुलचिन्ह होते. घरी परतण्याचे सुख एवढ्या कमी साधनांत क्वचितच दाखवले गेले असेल.

येथवर कथा जुन्या वाटेने जाते. दुसऱ्या भागात कळते की, ज्या साम्राज्याच्या सैनिकांनी ओडोच्या सहकाऱ्यांवर हल्ला केला, त्याचे अज्ञात संस्थापक म्हणजे हेच कामरूपी. एके काळी ‘घनदेही’ जमातींनी त्यांचा छळ केला. पुन्हा तसे होऊ नये म्हणून त्यांनी त्या जमातींनाच अंकित करून टाकले. (या भागाची जवळजवळ अर्धी लांबी एका कृत्रिम स्वप्नाच्या उपकथानकात खर्ची पडली आहे. सहकाऱ्यांना भासमान जगात ठेवून त्यांची परीक्षा घेण्याची ही युक्ती पटकथेतील सर्वांत स्वस्त भाग होय. तिच्यामुळे मुख्य संघर्षाला मिळायला हवा होता तेवढा अवकाश मिळत नाही.)

ज्या तळ्यात सारे कामरूपी एकमेकांत विरघळून राहतात, त्याकडे पाहताना भारतीय प्रेक्षकाला अद्वैत आठवणे स्वाभाविक आहे. थेंब आणि सागर ही प्रतिमा आपल्या संतपरंपरेने इतकी घोटलेली आहे की, ओडोने त्या तळ्यात हात बुडवला की तो मोक्षाच्या उंबरठ्यावर उभा आहे असेच वाटावे. परंतु हे साम्य फसवे आहे. अद्वैताला ‘बाहेर’ नसते. या ऐक्याला आहे, आणि त्या बाहेरचे भय हाच त्याचा पाया आहे. आत आल्यावर कसलाही भेद उरत नाही, मात्र आत कोण येणार हे जन्माने ठरते. एका कामरूप्याने दुसऱ्याला कधी इजा केलेली नाही, हा त्यांचा अभिमानाचा विषय आहे; इतरांना केलेल्या इजेची मोजदाद मात्र नाही. ही रचना आपल्याला तत्त्वज्ञानापेक्षा समाजशास्त्रातून अधिक परिचयाची आहे. हे अद्वैत नव्हे, ही जात आहे.

कथेचा खरा गाभा मात्र पुढच्या संवादात आहे. आपण आयुष्यभर न्यायाचा पाठपुरावा केला, असे ओडो सांगतो. त्यावर त्याची स्वकीया त्याला सुचवते की, तुला ओढ आहे ती न्यायाची नव्हे, सुव्यवस्थेची, आमच्यासारखीच. हा आरोप उडवून लावण्याजोगा नाही. ओडो कार्डेशियनांच्या राजवटीतही त्याच स्थानकावर बंदोबस्त पाहत होता. त्या काळात त्याच्या हलगर्जीपणामुळे तीन निरपराध बेजॉरवासीयांना देहदंड झाला, हे मालिकेत १९९६च्या एका भागात उघड होते. राज्य कोणाचेही असो, शिस्त राहावी, हा त्याचा स्वभाव खरोखरच कुळाकडून आलेला असू शकतो. असे असूनही तो कीराबरोबर परत जातो. म्हणजे कुळाने दिलेल्या वृत्तीला न्याय हे नाव देण्याचा आणि त्या नावाला जागण्याचा निर्णय त्याने स्वतः घेतलेला आहे. वृत्ती जन्माने मिळाली असेल. तिचा अर्थ त्याने परक्यांत राहून कमावला.

मराठी वाचकाला या ठिकाणी कर्णाची आठवण होणे अटळ आहे. उद्योगपर्वात श्रीकृष्ण कर्णाला त्याचे जन्मरहस्य सांगतो. ज्येष्ठ पांडव म्हणून राज्याचे आमिषही पुढे असते. कर्ण नकार देतो. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने (१९६७) हा नकार मराठी मनात कायमचा उदात्त करून ठेवला. दोन्ही नकारांचा आकार एक आहे, आशय मात्र उलटा. कर्णाचे सख्खे भाऊ धर्माच्या बाजूला आहेत आणि मित्र अधर्माच्या, हे त्याला पुरते ठाऊक आहे. तो राधेच्या मायेला आणि दुर्योधनाच्या ऋणाला जागतो. त्याच्यापुढचा पर्याय एका नात्याऐवजी दुसरे नाते, एवढाच राहतो. ओडोपुढचा पर्याय नात्यापलीकडचा आहे. स्थानकावरच्या कोणाचे त्याच्यावर तसे ऋण नाही. तेथे त्याला मान आहे, माया बेताचीच. कर्णाच्या नकारात शोकात्म वैभव आहे, ओडोच्या नकारात ते नाही. तो थोडासा रूक्ष आहे. पण आपल्या परंपरेने कर्णाला न विचारलेला प्रश्न, ‘आपली माणसे अन्यायी असतील तर काय?’, तो या रूक्षपणातूनच विचारला जातो.

मराठी समीक्षाव्यवहाराशी या प्रश्नाचा निकटचा संबंध आहे. भालचंद्र नेमाडे यांनी मांडलेल्या देशीयतेच्या विचाराने भूमी, बोली आणि परंपरा यांना साहित्यविचारात प्रतिष्ठा दिली, हे ऋण निर्विवाद आहे. तथापि त्या विचाराच्या सैल वापरात ‘मूळ’ हे अस्सलतेचे प्रमाणपत्र होऊन बसते. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’चा (१९८०) विचार करताना हे विशेष जाणवते. कैकाडी समाजातील दारिद्र्याचे चित्रण म्हणून ते आत्मकथन वाखाणले गेले. परंतु आंतरजातीय विवाहानंतर निवेदक दोन्हीकडे परका होतो, ‘आपली’ माणसेही त्याला पारखी होतात, या बाजूला तेवढे वजन मिळाले नाही. शीर्षक मात्र तिकडेच बोट दाखवते.

वसईचा दाखला याहून गुंतागुंतीचा आहे. हा मुलूख १५३४मध्ये पोर्तुगिजांकडे गेला आणि १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी तो जिंकला. सत्ता गेली तरी गावोगावचे ख्रिस्ती तेथेच राहिले, आपल्या मराठी बोली बोलत राहिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) उपासनेचीही भाषा मराठी झाली. याच वसईतील नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची उस्मानाबादच्या (आताचे धाराशिव) त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली तेव्हा, ख्रिस्ती धर्मगुरू या पदावर नको, असा विरोध झाला. विरोधामागची कुळाची कसोटी उघड होती. परंतु ‘वसईचे ख्रिस्ती मुळात इथलेच’ असा बचाव जेव्हा केला जातो, तेव्हा तीच कसोटी मान्य करून फक्त निकाल फिरवलेला असतो. दिब्रिटो यांचे मराठीपण ‘सुबोध बायबल’च्या गद्यात आहे, पाच शतकांपूर्वीचे पूर्वज कोण होते याचा शोध त्याला अप्रस्तुत ठरतो. योगायोग असा की, त्यांच्यानंतरच्या, नाशिकच्या संमेलनाचे (डिसेंबर २०२१) अध्यक्षपद जयंत नारळीकर यांना मिळाले. एक धर्मामुळे बाहेरचा मानला गेलेला, दुसरा वाङ्मयप्रकारामुळे. १९७४ साली नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठवली होती. नाव, कूळ, प्रतिष्ठा बाजूला ठेवून संहिता वाचली जावी, ही अपेक्षा त्यात होती. समीक्षेने ती विज्ञानकथेबाबत अजून पुरती मनावर घेतलेली नाही.

या वाचनावर एक आक्षेप संभवतो. मालिकेच्या अखेरच्या भागात (जून १९९९) ओडो त्या तळ्यात कायमचा परत जातो. मग कुळाचाच विजय झाला काय? येथे तपशील पाहावा लागतो. तोवर कामरूपी एका प्राणघातक रोगाने ग्रासलेले असतात. तो रोग ओडोच्याच शरीरातून त्यांच्यात सोडलेला असतो, आणि हे काम ज्यांच्यासाठी त्याने कूळ सोडले त्यांच्यातीलच एका गुप्त विभागाचे असते. म्हणजे १९९४ साली सोपा वाटलेला न्याय-अन्यायाचा विभागही आता टिकत नाही. ओडो जातो तो औषध घेऊन, आणि घनदेहींपासून जे शिकला ते स्वकीयांना शिकवण्यासाठी. तो पाण्यात उतरतो तेव्हा तळे काळवंडलेले असते. सोनेरी रंग त्याच्यापासून सुरू होऊन बाहेर पसरत जातो.