‘चटई’चे दोन अर्थ आणि मधल्या घनतेचे घर

पुणे–लोणावळा लोहमार्गावर बेगडेवाडी, घोरावाडी आणि तळेगाव ही स्थानके ओळीने येतात. पैकी दोन नावांच्या शेवटी ‘वाडी’ आहे. संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा. ‘वाडा’ आणि ‘वाडी’ हे दोन्ही शब्द तिच्याच कुळातले. देशावर वाडी म्हणजे गावाहून लहान वस्ती, कोकणात नारळी-पोफळीची बाग, आणि गिरगावात चाळींचा व घरांचा एकत्र समूह. वस्तीची दाटी बदलत गेली, तरी एका आवारात राहण्याचा मूळ अर्थ या शब्दाने सोडला नाही.

नगररचनेच्या आजच्या मराठीला असा शब्द लाभलेला नाही. ‘मध्यम घनता’ हा प्रयोग पदार्थविज्ञानाकडून उसना आणलेला. बंगला आणि बहुमजली मनोरा यांच्यामधली, दोन ते चार मजल्यांची, भिंतीला भिंत लागून किंवा चौकाभोवती रचलेली घरे त्यात अभिप्रेत असतात. परंतु वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे घर काही उभे राहत नाही. बोलीतली ‘दाटी’ तर उघड दूषणच होय.

याहून गंभीर घोटाळा ‘चटई’चा आहे. 2016 च्या स्थावर संपदा कायद्यानुसार सदनिकेची विक्री ज्या आतल्या, वापरण्याजोग्या क्षेत्रावर होते, त्यास मराठीत ‘चटई क्षेत्र’ म्हणतात. भूखंडावर एकूण किती बांधता येईल याचे गुणोत्तर म्हणजे ‘चटई क्षेत्र निर्देशांक’. पहिल्यात बाहेरच्या भिंती धरीत नाहीत, दुसऱ्यात धरतात. एकाच विषयात एका संज्ञेचे दोन अर्थ चालू राहावेत आणि त्याबद्दल कोणास काही वाटू नये, हे आश्चर्यच.

शिवाय हा निर्देशांक घराच्या रूपाविषयी मुका आहे. हजार चौरस मीटरांचा भूखंड आणि 1.1 निर्देशांक घेतला, तर 1,100 चौरस मीटर बांधकाम होते. त्यात 220 चौरस मीटरांचे पाच बंगले बसतात, तशाच 55 चौरस मीटरांच्या वीस सदनिकाही. म्हणजे हेक्टरी घरे 50 की 200, हे या आकड्यावरून कळत नाही. वीस सदनिका अर्ध्या भूखंडावर सुमारे दोन मजल्यांत मावतात. दशांश भूखंडावर रचल्यास अकरा मजले चढतात. डिसेंबर 2020 मध्ये राज्याच्या बहुतेक भागास लागू झालेल्या एकत्रीकृत नियमावलीत अधिमूल्य आणि हस्तांतरणीय विकास हक्क यांची मर्यादा रस्त्याच्या रुंदीनुसार वाढते. तेव्हा प्रोत्साहन मिळते ते रुंद रस्त्यावरच्या उंचीला. ओळीतल्या घरांस नियमावलीत मुभा आहे, हे खरे. पण मुभा म्हणजे उत्तेजन नव्हे.

उलट दिशेचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. 1980 च्या दशकात चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईत बेलापूर येथे वाढीव घरांची वसाहत रचली. सुमारे आठ मीटर लांबी-रुंदीच्या चौकाभोवती सात घरे, अशा तीन समूहांचा मोठा चौक, असा तिचा क्रम. मोकळ्या जागा व शाळा धरून हेक्टरी 500 माणसांची ही योजना उद्वाहकाविना जमिनीलगत साधली. पुढे अनेक रहिवाशांनी मूळ घरे पाडून मोठी बांधली, हेही नोंदले पाहिजे. घर वाढावे हीच कल्पना असल्यामुळे त्यास सर्वस्वी अपयश म्हणणे मात्र उतावीळपणाचे ठरेल.

न्यूझीलंडच्या 2021 च्या कायद्यातही मोठ्या शहरांसाठी असेच प्रत्यक्ष परिमाण आले होते : एका भूखंडावर तीन घरे, तीन मजल्यांपर्यंत. मोजणी घरांची आणि मजल्यांची असल्यामुळे शेजाऱ्यालाही काय उभे राहणार ते समजते.

तळेगाव–घोरावाडीच्या पट्ट्यात जुने गावठाण, बंगल्यांच्या वसाहती आणि बहुमजली संकुले जवळजवळ आहेत. यांपैकी वाडीच्या रचनेस सर्वांत निकट असलेले गावठाण नियोजनात ‘दाट वस्ती’ म्हणून वेगळे काढले जाते. तोच नमुना नव्या जमिनीवर हवा असेल, तर पाणी आणि सांडपाणी यांची सोय आधी लागेल; ती शब्दांनी होणार नाही. शब्दांचे काम त्याहून लहान आहे : निर्देशांकास ‘बांधीव क्षेत्र निर्देशांक’ म्हणावे, ‘चटई’ सदनिकेपुरती ठेवावी, आणि आराखड्यात प्रत्येक विभागापुढे हेक्टरी घरे व मजले लिहावेत.